शेंडा धरणारी बोटं

माझ्याकडे फुलांचे आणि किड्यांचे जे काही बरे फोटो आहेत, ते झाडून सारे साताऱ्यातल्या आमच्या परसदारी काढलेले आहेत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं जुनं घर, मागे चिंचोळी जागा. न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू आणि केळ, आडाच्या कडेला कढीपत्ता, कुंपणाला तगर नि जास्वंद, उरलेल्या वाफ्यांत वांगी, मिरच्या, झेंडू. इथून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार. सप्टेंबरात तिथं तेरडा, कवला, सीतेची आसवं फुलली की लांबलांबून माणसं कॅमेरे घेऊन येतात. मीही जाते, डोळे भरून बघते. पण फोटो काढावासा वाटतो तो घरीच. किड्याचा फोटो काढायचा तर त्याची ये-जा ठाऊक असावी लागते. तो कुठल्या उन्हाला येतो, कुठल्या फुलावरून कुठल्या फुलावर जातो, रात्रीचा मुक्काम कुठं करतो, हे एका दिवसासाठी गेलेल्या माणसाला कळत नाही.

मला ते कळलं ते सासूबाईंमुळे. घरात त्यांना सगळे आईच म्हणत. आणि कळलेलं फिल्मवर उतरवता आलं ते पेठेतल्या स्टुडिओवाल्या काकांमुळे. दोघंही आता नाहीत. फोटोखाली नाव माझं छापलं जातं, म्हणून त्यामागचं देणं कुणाकुणाचं आहे ते एकदा लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

आई वाईजवळच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन मी या घरात आले 1986 साली. पहिल्याच आठवड्यात फोडणीला कढीपत्ता आणायला मला परसात पाठवताना त्या म्हणाल्या, "डहाळी मोडायच्या आधी पान उलटून बघ गं. कुणी तरी बसलेलं असतंय." कुणी म्हणजे कोण, ते त्यांनीच मागोमाग येऊन दाखवलं. कोवळ्या पानावर मोहरीएवढा, फिक्कट पिवळा, गोल ठिपका होता. ते अंडं. शेजारच्या डहाळीवर पक्ष्याची शीट पडावी तशी तपकिरी-पांढरी बारकी अळी होती, आणि जरा वर, पानाच्याच रंगाची, बोटाच्या पेराएवढी मोठी. आईंनी तिला गवताच्या काडीनं हळूच स्पर्श केला. तिनं अंग आखडलं, डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढलं आणि उग्र आंबूस वास सुटला. "भिवविती आपल्याला," आई म्हणाल्या, आणि काडी लगेच बाजूला घेतली. मग पलीकडची, कुणी न बसलेली डहाळी मोडून त्यांनी माझ्या हातात दिली.

ते कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं. आईंना हे नाव माहीत नव्हतं, पण अंड्यापासून पंखांपर्यंत त्याचं सगळं बाळंतपण माहीत होतं. कोष कधी हिरवा होतो आणि कधी तपकिरी, हे त्या कोष धरण्याआधी सांगत. अळी पानांत राहिली की हिरवा, वाळक्या काडीवर किंवा भिंतीवर गेली की तपकिरी. बहुतेक वेळा त्यांचं खरं ठरे. झाडाची निम्मी पानं अळ्यांनी खाल्ली तरी त्यांचं एकच म्हणणं असे, "खाऊ दे. झाडाला पानं पुन्हा येत्यात."

माझ्या सगळ्या फोटोंचं मूळ या वाक्यात आहे. फुलावर बसलेल्या फुलपाखराचा फोटो सगळ्यांना आवडतो. पण त्या फुलपाखराआधी कुणीतरी, कुठंतरी, आपल्या झाडाची पानं खाल्ली जाऊ दिलेली असतात. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे आई होत्या. मी कॅमेरा हातात घेतला त्याच्या कितीतरी आधीपासून त्या हे करत आल्या होत्या.

ही दृष्टी त्यांना कुठून आली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शेतकऱ्याचं घर हे एक कारण झालं, पण शेतकरी किड्याशी भांडतोही. दुसरं कारण मला चातुर्मासात सापडलं. शेजारच्या देवळात एकनाथी भागवताची पोथी लागे आणि आई एकही दिवस चुकवत नसत. त्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, समुद्र तर त्यात आहेतच, पण दिव्यावर झेप घेणारा पतंग आहे, मधमाशी आहे, आपल्याच पोटातून धागा काढून तो पुन्हा गिळणारा कोळी आहे आणि मातीचं घर बांधणारी कुंभारीणही आहे. आईंना ही यादी पाठ होती. भाजीचे वाफे बघताना त्या एकेक गुरू ओळखीचा भेटावा तसा दाखवत. एकदा कुणीतरी वांग्यावर मारायला पावडर आणून दिली, तेव्हा त्यांनी डबा तसाच परत केला. "ज्याच्याकडनं शिकायचं त्यालाच औषध कसं मारू?" एवढंच म्हणाल्या. त्यात उपदेशाचा सूर नव्हता, खरोखरची अडचण होती.

कुंभारणीची गोष्ट सांगायलाच हवी. कीर्तनकार सांगतात की भृंगी, म्हणजे हीच कुंभारीण, अळीला मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि अळी भृंगीचंच ध्यान करत करत स्वतः भृंगी होते. आमच्या माजघराच्या खिडकीच्या चौकटीवर अशा मातीच्या बारक्या मडक्या असत. आई कुणाला त्या खरवडू देत नसत. खिडकीला रंग देताना रंगाऱ्याच्या पत्र्यानं एक मडकी फुटली. आत हिरव्या बारक्या अळ्या दाटीवाटीनं भरलेल्या होत्या, जिवंत पण निपचित, आणि त्यांच्यात एक पांढरट, बिनपायाची, निराळी अळी त्यांना खात होती. आम्ही दोघी कितीतरी वेळ ते बघत राहिलो.

मराठी विश्वकोश वाईला तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी तिथं बसून तो उभा केला आणि 1976 साली पहिला खंड निघाला. त्यामुळे आईंच्या लेखी ते त्यांच्या माहेरचं पुस्तक होतं. परसात काही नवं दिसलं की त्या मला नगरवाचनालयात पिटाळत आणि परत आल्यावर विचारत, "काय म्हणतंय वाईचं पुस्तक?" या वेळी मी वाचून आले ते असं, की कुंभारीण अळीला डंख करून लुळी करते, मारत नाही, म्हणजे तिचं मांस ताजं राहतं. आपलं अंडं आधीच घातलेल्या घरात अशा अळ्या भरते आणि मग घराचं तोंड लिंपते. बाहेर पडते ती तिचीच पोर, ज्या अळ्या कोंडल्या त्या नव्हेत. पोथीतल्या दृष्टांताला धक्का लागेल म्हणून मी जरा बिचकत सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "महाराज सांगत्यात ते माणसासाठी. ही करती ते तिच्या लेकरासाठी. आपण दोन्ही ऐकावं." त्यानंतरही त्या पोथीला तितक्याच श्रद्धेनं जात राहिल्या आणि मडक्या तितक्याच कुतूहलानं बघत राहिल्या. ज्ञान आणि श्रद्धा यांची ओढाताण मी पुढं पुष्कळ घरांत पाहिली. आईंच्या मनात ती कधी झालीच नाही.

स्टुडिओवाले काका माझ्या सासऱ्यांचे मित्र. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी यांवर त्यांचं घर चाले. मी परसातल्या गोष्टी रंगवून सांगे, त्या ऐकून त्यांनी एक दिवस कपाटातला रशियन झेनिट कॅमेरा काढून माझ्यापुढे ठेवला. "सूनबाई, सांगताय छान. पण दाखवा की आम्हाला." त्यावरची 58 मिलिमीटरची हेलिओस लेन्स त्यांनी काढली, उलटी केली आणि एका रिंगेनं पुन्हा कॅमेऱ्यावर चढवली. लेन्स उलटी बसवली की ती अगदी जवळचं बघते. माशी फिल्मवर जवळजवळ तिच्या खऱ्या आकाराएवढी उतरते. महागडी मॅक्रो लेन्स घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि या जुगतीला पैसे लागले नाहीत.

या प्रकारात फोकसची कडी फिरवून भागत नाही. लेन्स आणि किडा यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे आपणच केसभर पुढं, केसभर मागं व्हायचं. एफ-16 वरसुद्धा जेमतेम दोन मिलिमीटर खोली स्पष्ट येते. मधमाशीचा डोळा धरला तर पंखाचं टोक धूसर होतं. काका म्हणत, "डोळा धरा. डोळा सुटला की किडा सुटला." श्वास सोडून झाल्यावर आणि पुढचा घेण्याआधी बटण दाबायचं, हेही त्यांनीच शिकवलं. फ्लॅशचा उजेड किड्याच्या पाठीवर चरचरीत पडतो, म्हणून त्यावर बटर पेपर लावून दिला. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायला सांगितला. "उरलेला वेळ नुसतं बघा," म्हणाले. कृष्णधवल रोल ते स्वतःच्या डार्करूममध्ये धुऊन देत, ओल्या पट्ट्या दोरीवर वाळत टाकत आणि मग भिंगाखाली धरून एकेका चौकटीवर लाल पेन्सिलीनं खूण करत. पैसे कधी घेतले नाहीत. मी आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "लग्नसराईत मिळतात की मला पैसे. हे काम माझ्यासाठी राहू द्या." त्या धुलाईचं मोल मला आजही ठरवता येत नाही.

साताऱ्यात वारा फार. जवळून फोटो काढताना वाऱ्यासारखा वैरी नाही. डोळ्यांना न जाणवणारी झुळूकही चौकटीत फुलाला इकडून तिकडं फेकून देते. मी वांग्याच्या वाफ्यात ओणवी बसून झुळूक थांबायची वाट बघत होते, तेव्हा आई हातातलं निवडण बाजूला ठेवून आल्या. "थांब, शेंडा धरते." फुलाच्या खाली, देठाच्या जरा अलीकडे, त्यांनी अंगठा आणि तर्जनी अशी काही लावली, की झाड हलायचं थांबलं आणि फुलावरच्या जिवाला पत्ताही लागला नाही. त्या दिवसापासून हे आमचं ठरूनच गेलं. मी कॅमेरा घेतला की त्या शेंडा धरायला येत. साठीच्या पुढच्या बाईनं उकिडवं बसून श्वास रोखावा आणि मी "झालं" म्हणेपर्यंत बोट हलू देऊ नये, हे सोपं नव्हतं. गुडघे दुखत असत. मला ते संध्याकाळी तेल चोळताना कळे.

त्या काळच्या निगेटिव्हवर कडेला त्यांची बोटं आहेत. हळदीनं पिवळी पडलेली नखं, मातीनं काळ्या झालेल्या भेगा. छापायला देताना चौकट कापावी लागे, तेव्हा बोटं जात. काकांनी मात्र एक फोटो न कापता मोठा करून स्टुडिओत लावला होता. गिऱ्हाईक विचारी, ही बोटं कुणाची? काका सांगत, "फोटो काढणाऱ्याची."

तो फोटो वांग्याच्या फुलाचा होता. वांग्याचं फूल जांभळं, मधे पिवळ्या परागकोशांची सुळक्यासारखी जुडी. बहुतेक फुलांत परागकोश उकलतो आणि पराग बाहेर पडतात. वांग्यात तसं होत नाही. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्रं असतात आणि पराग आत कोरडे भरलेले. ते काढायचे तर कोश हलवावा लागतो. घरच्या मधमाशीला हे जमत नाही. ते जमतं काळ्या मोठ्या भुंग्याला आणि ॲमेगिला प्रजातीतल्या एका गुबगुबीत माशीला, जिच्या पोटावर निळे झळझळीत पट्टे असतात. ती येते, जुडीला पायांनी मिठी मारते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. त्या थरथरीनं पराग छिद्रांतून तिच्या पोटावर सांडतात. हे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येतं. उडतानाची गुणगुण एका सुराची असते, फुलाला चिकटली की सूर एकदम चढतो, आखूड होतो, तुटक होतो. आई डोळे मिटूनही सांगत, "आता धरलं बघ तिनं." आणि शेंडा त्यांच्याच बोटांत असल्यामुळे ती थरथर त्यांच्या हाताला कळे. मी फोटो काढत होते, आणि फुलाच्या देठातून माशीचं काम त्यांना जाणवत होतं. "माशी आली की वांगं बरं धरतंय," हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यामागचं कारण मी वाचून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की त्याचा फोटो घ्यायचं मला भानच राहिलं नाही.

दारातल्या वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या आई वेळच्या वेळी खुडत. झाड टिकतं म्हणून. पण परसात आपोआप उगवलेल्या तुळशींना हात लावत नसत. त्या मंजिऱ्यांवर सकाळी फुलोरी माशा येत, उन्हं चढली की निळ्या पट्ट्यांची. झाड वाळलं तरी आई काड्या उपटत नसत. "ऱ्हाऊ दे, कुणाच्या तरी उपयोगी पडत्यात," म्हणत. कुणाच्या, ते एका तिन्हीसांजेला समजलं. एका वाळक्या काडीवर निळ्या पट्ट्यांच्या माशा ओळीनं लटकल्या होत्या. पाय सुटे, आणि काडी फक्त जबड्यात धरलेली. त्या नर माशा. मादी जमिनीतल्या नाहीतर मातीच्या भिंतीतल्या बिळात राहते, नरांना घर नसतं. ते असे काडीला चावा घेऊन रात्र काढतात, आणि पुष्कळदा रोज त्याच काडीवर येतात. पहाटे उजाडायच्या आधी मी गेले तेव्हा त्यांच्या केसाकेसावर दव होतं. थंडीनं गारठलेले, हलत नव्हते. आई शाल पांघरून मागे उभ्या, कुजबुजत, "दमून निजल्यात. दिवा लई मारू नकोस." मी दोन फोटो घेतले आणि आम्ही आत आलो. माझ्या सगळ्या कामात मला सगळ्यात प्रिय असलेला फोटो त्या दोनांपैकी एक आहे, आणि वाळलेली काडी उपटली गेली असती तर तो नसता.

तगरीवर पावसाळ्यात मोठ्या हिरव्या अळ्या येतात, मानेशी निळे-पांढरे डोळे काढल्यासारख्या. आळीतल्या लोकांना त्यांची भीती वाटे. एकानं फवारणीचा पंप आणला, तेव्हा आईंनी त्याला चहा दिला, अळी हातावर घेऊन दाखवली आणि पंप त्याच्या हातानंच परत पाठवला. अळी पुरी वाढली की तपकिरी पडते आणि खाली उतरून पालापाचोळ्यात, मातीत कोष करते. तिचा पतंग हिरव्या नक्षीचा, इतका देखणा असतो, की तो बघायला पुढं तोच शेजारी बॅटरी घेऊन येऊ लागला.

आयझॅक केहिमकरांचं भारतीय फुलपाखरांवरचं इंग्रजी पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 2008 साली काढलं. मुलानं ते आणून दिलं आणि आईंनी चित्रं बघत ओळख पटवली. आमच्याकडच्या कॉमन मॉर्मनच्या माद्या दोन तऱ्हांच्या का, हे त्यात सापडलं. एक नरासारखी, दुसरी लाल ठिपक्यांची. लाल ठिपक्यांची मादी कॉमन रोज या बेचव, विषारी फुलपाखराचा वेश घेते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. आई म्हणाल्या, "म्हणजे तीच ती. मला वाटायचंच, अंडी एकाच झाडावर घालत्यात."

इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात जेनिफर ओवेन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी 1972 ते 2001 अशी तीस वर्षं आपल्या घरच्या साध्या बागेतल्या जीवांची नोंद ठेवली. भाजी, फुलं, हिरवळ अशी चारचौघांसारखी बाग. 2,673 जाती त्यांना तिथं सापडल्या, त्यातले बरेचसे कीटक. मधल्या काळात मल्टिपल स्क्लेरोसिसनं त्यांना चालणं अवघड झालं, तरी नोंदी थांबल्या नाहीत. हे मी आईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. त्यांनी दोनदा तो आकडा विचारला. मग म्हणाल्या, "आपल्याकडं ऊन जास्त. आपल्याकडं जास्तच भरतील." मला तसंच वाटतं.

आई गेल्यावर परसात फरशी घालायची सूचना घरातूनच आली. चिखल होतो, डास होतात, गाडी लावायला जागा नाही. सगळी कारणं खरी होती. मी वांग्याच्या फुलाचा तो न कापलेला फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि निळ्या पट्ट्यांची माशी बीळ कुठं करते ते सांगितलं. फरशी पुढच्या दारी घातली, मागे नाही. आता शेंडा धरायला मी वाफ्यात एक काडी रोवते आणि तिला कपड्याचा चिमटा लावते. वारा त्यानं आवरतो. पण माशी येते आहे हे आई आवाजावरून आधीच सांगत आणि मी तयार असे. चिमट्याबरोबर काम करताना निम्म्या माशा येऊन गेलेल्या असतात. काकांचा झेनिट अजून चालतो. डिजिटल कॅमेऱ्यावर त्याचीच हेलिओस उलटी लावून मी फोटो काढते.

या दोघांचं ऋण फेडायला माझ्याकडे फोटोंखेरीज एक विनंती आहे, आणि ती तुम्हाला आहे. दिवाळीच्या साफसफाईत बाग झाडाल, तेव्हा वाळलेल्या तुळशीच्या काड्या एका कोपऱ्यात होळीपर्यंत उभ्या राहू द्या. हातभर जमीन फरशीविना आणि कुदळीविना सोडा. गच्चीवर कुंड्याच असतील तर एका मोठ्या कुंडीत वांग्याचं रोप लावा आणि त्यावर काही फवारू नका. मोबाइलनं फोटो काढलात तरी चालेल. घरात म्हातारं माणूस असेल तर शेंडा धरायला त्यांना बोलवा, आणि त्यांची बोटं फोटोत आली तर कापू नका.